घरची मांजरे आणि पंढरीची वाट

ज्येष्ठ लागला की माळकऱ्याच्या घरी लगबग सुरू होते. पताका धुतली जाते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, दिंडीची भिशी भरली जाते. पेरणी कोणी पाहायची, म्हैस कोणी पिळायची, म्हाताऱ्या आईचे औषध कोणी द्यायचे, हे सारे आठ दिवस आधी ठरते. आणि चुलीजवळ अंग चोरून बसलेली घरची तीन-चार मांजरे? त्यांची गोष्ट निघालीच तर दाराला कुलूप लावताना निघते. "त्यांचं काय एवढं, माउली? देव बघेल!" असे म्हणून किल्ली कनवटीला लावायची आणि नामाचा गजर करीत वाटेला लागायचे.

हे 'देव बघेल' आम्ही पुष्कळ घरांत ऐकले आहे. बोलणारा माणूस दुष्ट नसतो, भाविकच असतो. म्हणूनच या दोन शब्दांचा नीट विचार करावा असे आम्हांला वाटते. प्रश्न मांजरांपुरता दिसतो खरा, पण तो आपल्या निष्ठेच्या मुळाशी जातो. देवावर भार टाकावा असे संतांनी शिकविले. परंतु कोणाचा भार?

वारीला निघालेला माणूस आपल्या अन्नाची फिकीर करीत नाही. मिळाली भाकरी तर खातो, नाही तर नाम घेत पुढच्या मुक्कामाची वाट चालतो. उपास पडला तर तो त्याला स्वतःला पडतो आणि त्याने तो आपखुशीने पत्करलेला असतो. मांजराने असे काही पत्करलेले नाही. त्याने एकादशी धरलेली नाही, गळ्यात माळ घातलेली नाही. ज्या हाताने रोज ताटलीत काही पडत असे, तो हात एका सकाळी नाहीसा झाला, एवढेच त्याला कळते. आपल्या भुकेचा भार देवावर टाकणे ही श्रद्धा होय. पण दुसऱ्याच्या भुकेचा भार परस्पर देवावर टाकून मोकळे होणे याला अंगचोरी म्हणतात. पुण्य आपण जोडायचे आणि उपास मांजराने करायचा, हा कुठला न्याय?

कीर्तनात आपण मार्जारकिशोर न्याय ऐकतो. माकडाचे पोर आईला आपण होऊन बिलगते. मांजरीचे पिलू काहीच धरत नाही, मांजरीच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने त्या पिलासारखे व्हावे असे बुवा सांगतात आणि आपण माना डोलावतो. पण दृष्टांत पुरता पाहा. पिलू निश्चिंत असते, ते त्याची आई निश्चिंत नसते म्हणून. ती पिलांना सात घरे फिरवते, बोका येईल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसते. आता सांगा, घरच्या मांजरांपुरते आपण यांतले कोण? देवापुढे आपण पिलू खरे. पण आपण पाळलेल्या जिवापुढे आपली जागा मांजरीची आहे. तिथे पिलू होऊन कसे चालेल?

महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त राका कुंभाराची कथा आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिले ठेवली होती; ते न कळता आवा रचला गेला आणि पेटला. मग राकाच्या ध्यानी आले. त्याने तळमळून पांडुरंगाचा धावा केला, आणि आवा उघडला तेव्हा पिले जिवंत निघाली. ही कथा सांगताना आपण चमत्कारापाशी थांबतो. आम्हांला त्या आधीची घटका मोठी वाटते. राकाने जाणून काही केले नव्हते. 'चुकून झाले, देव बघेल' असे म्हणून तो घरी जाऊन निजू शकत होता. तो निजला नाही. पिलांची आग त्याच्या काळजाला लागली. हातचे सगळे उपाय खुंटल्यावर त्याने देवाला हाक मारली. आपण मात्र एकही उपाय करण्याआधी मारतो. राकाच्या 'देव बघेल'मध्ये आणि आपल्या 'देव बघेल'मध्ये अंतर आहे ते एवढे.

नाथमहाराजांनी काशीचे गंगाजल रामेश्वराला नेत असता ते तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, हे आपल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात पाय ठेवला नाही. दोन्ही कथा लांबच्या प्रवासाच्या आहेत. दोन्हींत यात्रा एका मुक्या जिवापाशी अडते, आणि अडते तिथेच सुफळ होते.

येथे कोणी जाणता म्हणेल, "बुवा, हे सारे ठीक, पण भागवतातला भरत राजा आठवा. हरणाच्या पाडसात जीव गुंतला नि पुढला जन्म हरणाचा आला. वारीत मांजरांची चिंता वाहिली तर आमची गत काय?" शंका रास्त आहे. परंतु भरताने नदीत वाहून जाणारे पाडस बाहेर काढले, यात भागवताने दोष दाखविलेला नाही. दोष पुढे आला. नित्यनेम सुटला, पाडसावाचून चित्त कशातच रमेना. आता आपल्यापुरते पाहू. जो काही व्यवस्था न लावता निघतो, त्याचेच मन दर मुक्कामी घराकडे पळते. दिवेघाट तो चढतो खरा, पण चार मांजरे डोक्यावर घेऊन. सासवडला टाळ वाजतो आणि कानांत मात्र बंद दाराआडचे ओरडणे घुमते. व्यवस्था लावून आलेला माणूस रिंगणात मोकळ्या मनाने नाचतो. अर्धवट टाकून आलेल्या कर्तव्याइतकी चिवट आसक्ती दुसरी नाही.

"मांजर उंदीर मारून खातं, त्याला कोण लागतो?" असेही म्हणतात. खळ्यावर, रानात वाढलेल्या मांजरापुरते यात थोडे तथ्य आहे. पण शहरात तिसऱ्या मजल्यावर, बंद खोलीत वाढलेल्या मांजराला उंदीर कुठला? आणि खेड्यातले मांजरही भुकेले झाले की शेजारणीच्या पातेल्यात तोंड घालते आणि लाटण्याचा मार खाते. शिवाय त्याच्या देहाचा धर्म वेगळा आहे. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते दगावू शकते. अंगाने जाड मांजराला हा धोका अधिक. वारी तर कितीतरी मोठी. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. आषाढी करून पौर्णिमेच्या काल्यापर्यंत राहणारा तीन आठवड्यांनंतरच घर पाहतो. पाळलेल्या जिवाला पुरेसे अन्नपाणी न देणे, उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून जाणे, या दोन्ही गोष्टी १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा ठरविल्या आहेत. माळकऱ्याला कायद्याचे भय दाखवावे लागू नये, एवढीच आमची इच्छा.

मग करावे काय? काही भाविक प्रेमापोटी म्हणतात, "बरोबरच नेऊ की, दिंडीच्या ट्रकात बसतील." हे करू नये. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला. टाळमृदंगाचा नाद, कर्णे, लाखोंची गर्दी, रोज नवे गाव. पहिल्याच मुक्कामी ते बुजून पळाले तर परत हाती लागणे कठीण. त्याच्या जागी त्याला ठेवून, ओळखीच्या माणसाने दोन वेळा येऊन पाहणे, हीच सर्वांत चांगली सोय.

त्या माणसाला निघायच्या आदल्या दिवशी किल्ली देऊन भागत नाही. आठवडाभर आधी त्याच्याच हाताने खाऊ घालवावे, म्हणजे मांजरे त्याला ओळखतात. मांजरे अनेक असली तर प्रत्येकाची वाटी वेगळी आणि जराशी दूर ठेवावी. नाही तर दांडगा बोका दुबळीच्या वाट्याचेही खातो. आषाढात मुंग्या फार, तेव्हा वाटी पाण्याच्या परातीत ठेवावी. घरात कोंडलेल्या मांजरांसाठी वाळूची घमेली मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, रोज डोकी मोजावीत. एखादे दिसले नाही, सांदीत दडून राहिले, तर ते आजारी असण्याचा संभव असतो. बोका घमेल्यात पुनःपुन्हा बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. एक-दोन दिवसांची हयगयही जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरचा पत्ता आणि थोडे पैसे शेजाऱ्यापाशी ठेवूनच निघावे. माणसाची तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नये, पॅरासिटामॉल त्याला विष आहे. लसी टोचून घ्यायच्या त्या निघण्यापूर्वी काही आठवडे घ्याव्यात.

नातलगाकडे ठेवायचे तर हवा खेळणाऱ्या बंद टोपलीत, घरचे एखादे जुनेर घालून न्यावे, गाडीत टोपली उघडू नये, आणि तिथे पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे. मोठ्या शहरांत आता पैसे घेऊन मांजरे सांभाळणारी ठिकाणे निघाली आहेत. तिथे ठेवण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. कुत्र्यांपासून जागा वेगळी आहे ना, लस घेतल्याची चौकशी करतात ना, हे विचारावे. जिथे विचारतच नाहीत तिथे ठेवू नये.

अवघड गोष्ट आहे ती माळकऱ्याच्या स्वयंपाकघराची. आपण मांसाहार वर्ज्य केला, मग मांजरानेही दूधभातावर राहावे असे आपल्याला वाटते. पण वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. शिवाय मांस-मासळीत असणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि भाजीभाकरीत ते मिळत नाही. त्याच्या अभावी डोळे जातात, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले. हृदय दुबळे होते, हे १९८७ साली. माळ आपल्या गळ्यात आहे, मांजराच्या गळ्यात देवाने घातलेली नाही. ज्याला आपल्या हाताने घालवत नाही, त्याने डब्यातले तयार खाणे आणून ठेवावे, किंवा मासळी शिजविणाऱ्या शेजाऱ्याला विनवावे. तो शेजारी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारण्याचे कारण नाही. आपण वाळवंटात एकमेकांच्या पाया पडतो, ते कशासाठी? त्या महिन्यापुरता तो आपला सोयराच.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. सारी खटपट केली आणि कोणीच मिळाले नाही, तर? वीस-वीस वर्षांची पायी वारी खंडित होणे म्हणजे काय, हे ज्याची खंडित झाली त्यालाच ठाऊक. तरीही आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मुक्या जिवांना उपाशी कोंडून पायी चालण्यापेक्षा त्या वर्षी चालणे कमी करावे. घरात दोघे माळकरी असतील तर एकाने यंदा चालावे, दुसऱ्याने पुढच्या वर्षी. एकटा असेल त्याने दशमीला एस.टी.ने पंढरपूर गाठावे, चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा करावी, द्वादशीला परतावे. महिनाभर सांभाळणारा मिळत नाही. दोन दिवस पाहणारा कुठेही मिळतो.

"आणि पांडुरंग काय म्हणेल?" असे ज्याला वाटते, त्याने पांडुरंग विटेवर का उभा आहे ते आठवावे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला तरी त्याने हातचे काम सोडले नाही. वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. देव रागावला नाही, थांबला. आईबाप कुठे आणि मांजर कुठे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. आईबापांची जागा मांजराला द्या असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्यावाचून ज्याचे अडते त्याचे आधी पाहून मग येणारा भक्त देवाला चालतो, हे तर पंढरीच्या पहिल्या भक्तानेच दाखविले. ज्या देवाने पुंडलिकासाठी युगे घालविली, त्याला आपल्यासाठी एक वर्ष थांबणे जड का जाईल?

जे वारीला जातील त्यांना एवढेच सांगणे, की पंढरीहून परतल्यावर बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद आधी मांजरे सांभाळणाऱ्या त्या शेजाऱ्याला द्यावा आणि वाकून नमस्कार करावा. आपण चाललो ती वाट त्याने घरी बसून, रोज दोन वेळा वाट्या भरून, आपल्याबरोबरच चालली आहे.

रामकृष्ण हरि.