दोन्ही बाजूंचा खटका

कसारा घाटात चढावर थांबलेली व्हॅन वहिनींनी पुढे काढली आणि त्यांची सीट चार बोटं मागे सरकली. तेवढ्यात क्लचवरचा पाय सुटला, गाडी बंद पडली. हँडब्रेक अजून पुरता सोडलेला नव्हता म्हणून निभावलं. "भाऊजी, खटका बसल्याचा आवाज तर आला होता," त्या म्हणाल्या. आवाज आला होता हे खरंच. पण तो एकाच बाजूचा होता.

सीटखाली दोन रेल असतात, उजवी आणि डावी. दोन्हींत दात आणि त्यात अडकणारा खटका. दांडी मात्र एकच. ती उचलली की आडव्या तारेने दोन्ही खटके सुटतात. सोडली की आपापल्या स्प्रिंगने ते दातांत पडायला हवेत. आपण म्हणतो, रेल-खटक्यांचा हा अ‍ॅडजस्टर सीट सरकवण्यासाठी असतो. माझ्या मते त्याचं खरं काम सीट रोखून धरण्याचं. अमेरिकेत 1968पासून लागू असलेल्या 207 क्रमांकाच्या सुरक्षा नियमाप्रमाणे सीटने स्वतःच्या वजनाच्या 20 पट जोर पुढे आणि मागे, दोन्हीकडे सोसला पाहिजे. म्हणजे 15 किलोच्या सीटसाठी 300 किलोचा भार. अर्धवट टेकलेला खटका तिथे काय टिकणार?

"वेल्डिंगचे दोन टाके मारून टाकू," असं गॅरेजमध्ये एकाने सुचवलं. मी नको म्हटलं. दादा सहा फूट उंच, वहिनी पाच. एका जागी जखडलेल्या सीटवर दोघांपैकी एकाचा पाय ब्रेकला नीट पुरणारच नाही.

जुन्या रेल काढल्या. सीट मागे लोटून पुढचे बोल्ट, पुढे ओढून मागचे. दातांत मातीने काळं पडलेलं ग्रीस घट्ट बसलं होतं. पुसल्यावर डाव्या रेलच्या एका दाताची कड नखाला गोल लागली. उजवी बरी दिसत होती, तरी दोन्ही बदलल्या. नव्याशेजारी झिजलेली जुनी ठेवली तर खटके पुन्हा मागेपुढे पडतात.

नवी जोडी बसवताना घाई अजिबात करू नये. दोन्ही रेल टोकापासून दात मोजून सारख्या खाचेवर आणायच्या. चारही बोल्ट आधी नुसते हाताने धरवायचे. मग सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनतीनदा फिरवायची, म्हणजे रेल आपोआप समांतर होतात. त्यानंतरच पाना लावायचा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकं आवळायचं. आधीच आवळलं तर रेल केसभर तिरकी राहते, एक खटका दाताच्या डोक्यावर टेकून बसतो, आणि नव्या मालात जुनंच दुखणं येतं.

वहिनी बसल्या. दांडी उचलली, सोडली, पाठीने सीट मागे रेटली.

"भाऊजी, डावीकडे कान लावा जरा."

मी वाकलो. त्यांनी पुन्हा रेटलं. सीट जागची हलली नाही.

"पुढच्या खाचेवर घ्या," मी म्हटलं. अशा सगळ्या खाचा आम्ही तपासल्या.