धैर्य कोणाचे?

लहानपणी आमच्या घरी धैर्याची व्याख्या फार सोपी होती. डिसेंबरातल्या पहाटे पुण्याला हुडहुडी भरलेली असताना वडील कानटोपी चढवीत, मफलरचे दोन वेढे गळ्याभोवती घेत आणि सायकलीवर टांग टाकून कारखान्याची पहिली पाळी गाठीत. आई दारात उभी राहून म्हणे, "धन्य आहे बाई तुमची!" पुणे हे त्या काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि असे धन्य पुरुष वाड्यावाड्यातून बाहेर पडत. पारा फार तर आठ-नऊ अंशांपर्यंत उतरलेला असे. पण आम्हा मुलांना वडिलांचा तो पराक्रम हिमालयाच्या चढाईहून कमी वाटत नसे.

ही व्याख्या मी साठ वर्षे जपली. ती मोडली एका नऊ वर्षांच्या मुलीने, म्हणजे माझ्याच नातीने.

माझी मुलगी फिनलंडमध्ये औलू या शहरी राहते. बॉथनियाच्या आखाताकाठचे, ६५ अंश उत्तर अक्षांशावरचे हे गाव. लोकवस्ती दोन लाखांच्या वर. गेल्या जानेवारीत मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळचे आठ वाजले तरी बाहेर मध्यरात्रीचा काळोख आणि पारा शून्याच्या खाली वीस अंश. नातीने दप्तर पाठीला अडकवले, जाड हातमोजे चढवले आणि सायकल काढली. मी खिडकीतून पाहत होतो. पाचपन्नास मुले तशीच, दिवे लुकलुकवीत, शाळेकडे चाललेली. संध्याकाळी मी तिला जवळ घेऊन म्हणालो, "बाळ, तू फार शूर आहेस."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "आजोबा, त्यात शूर काय? रस्ता साफ असतो ना!"

उत्तर संपले, पण माझा विचार तेथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे उठलो. बर्फ हटविणारे यंत्र सायकलींच्या रस्त्यावरून घरघरत गेले. तेथे सायकलींसाठी मोटाररस्त्यांपासून वेगळी वाट आहे आणि मोठा रस्ता आडवा आला की ती त्याच्या खालून निघून जाते. गेल्या शतकाच्या सत्तरीपासून धीराने विणलेले हे जाळे आहे. यंत्र सगळा बर्फ खरवडून काढीत नाही. दाबून त्याचा टणक थर ठेवते आणि त्यावर चरे उमटवते, म्हणजे चाकाला पकड मिळते. कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरडा असतो, टायरखाली करकरतो. खरा दगाबाज असतो तो शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पापुद्रा धरलेला. तसल्या दिवशी औलूकरही सायकलीवरून उतरून ती हाताने ढकलतात. कपड्यांचेही शास्त्र आहे. फार कपडे घातले तर पायडल मारताना घाम येतो आणि तोच घाम मग गारठवतो; म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असे मुलीने मला सांगितले. २०१३ साली हिवाळी सायकलस्वारीचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन याच गावी भरले, यात नवल नाही.

म्हणजे नात खरेच शूर नव्हती. तिच्या वाट्याचे धैर्य पहाटे कोणीतरी अंधारात यंत्रावर बसून आधीच खर्च केले होते.

येथे कोणी म्हणेल, "अहो, सगळेच असे सोपे केले तर माणूस मऊ नाही का पडणार? कष्टांनीच माणूस घडतो." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण कष्ट आणि धोका या दोन वस्तू निराळ्या आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. औलूच्या मुलीची थंडी कोणी काढून घेतलेली नाही. तिचे गाल लाल होतात, पापण्यांवर हिमकण जमतात, ती धापा टाकीत शाळेत पोचते. काढून घेतलेला आहे तो धोका. निसर्गाने दिलेल्या कष्टाशी माणसाची मैत्री होऊ शकते. त्यातून अंग कणखर होते, मनाला उभारी येते. दुसऱ्याच्या बेफिकिरीने निर्माण झालेला धोका मात्र भीतीखेरीज काही शिकवीत नाही. आणि अशा धोक्यातून जाणाऱ्याला आपण शूर म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती स्तुती नसते. आपली चुकवलेली कर्तव्ये झाकण्यासाठी पांघरलेली शाल असते.

मग प्रश्न उरतो, कोणाची वाट आधी साफ करावयाची? स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या छोट्या गावाने २०११ साली हा प्रश्न स्वतःला विचारला. तोवर तेथे, इतरत्र असते तसेच, आधी मोठे मोटाररस्ते साफ होत आणि मग पायवाटा व सायकलींचे रस्ते. त्यांनी क्रम उलटा केला. विचार साधा होता. चार बोटे बर्फातून मोटार निघून जाते. बाबागाडी ढकलणारी आई किंवा सायकलवरचे पोर तेथे अडते. जो अधिक उघडा, त्याची वाट आधी. नीतीचा मोठा ग्रंथ मी वाचलेला नाही. पण त्यात याहून निराळे काय असणार?

पुण्यास परतलो तो फेब्रुवारीत. हवा कशी, तर देवांनी मागून घ्यावी अशी. आणि या हवेत, आमच्या सोसायटीतले एकही मूल शाळेत सायकलने जात नाही. आई-बाप सोडत नाहीत आणि त्यांचे चुकतही नाही. तेथे आभाळ वैरी असून रस्ता मित्र आहे. येथे आभाळ मित्र असून रस्ता वैरी झाला आहे. आणि रस्ता म्हणजे कोण? मीच. जाण्यापूर्वीची गोष्ट आहे. वळणावर एक शाळकरी मुलगा सायकलवर माझ्या मोटारीपुढे होता. मला कसलीही घाई नव्हती, तरी मी जोराने हॉर्न दाबला. तो दचकला, कडेच्या खडीत गेला आणि पडला. मी काच खाली करून म्हणालो, "बघून चालव की रे!" त्याने गुडघा झटकला आणि काही न बोलता निघून गेला. त्या दिवशी मी घरी ही हकीकत त्याच्या निष्काळजीपणाचा नमुना म्हणून सांगितली होती.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून पहाटे उठून तो काढण्याचेही कारण नाही. पण प्रत्येक रस्त्यावर आपल्या घाईचा एक थर साचलेला असतो, आणि तो काढावयास यंत्र लागत नाही. हल्ली त्या वळणावर मी मोटार हळू करतो. तो मुलगा मला पुन्हा दिसलेला नाही. तो अजून सायकल चालवीत असेल का, हा प्रश्न मात्र रोज तेथे भेटतो.