आहेर आणि चहा

सेकंड शिफ्ट सुटली. शेंद्रा एमआयडीसीच्या बस जालना रोडला लागल्या. तुम्ही खोलीवर आलात. मोबाइल उलटा ठेवा. भिंतीला पाठ टेकवून बसा. श्वास आपल्या चालीने येऊ द्या, जाऊ द्या.

आता ‘सैराट’चा शेवट आठवा. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. ज्या थिएटरांत गाण्यांवर पोरं नाचली, तिथून बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

हैदराबादेतलं घर. घरच्यांच्या विरोधात पळून येऊन लग्न केलेल्या आर्चीने कारखान्यात राबून, परशाने कष्ट करून उभा केलेला संसार. तुमच्या आजूबाजूच्या खोल्यांत असतो तसाच. दारात भाऊ उभा आहे. सोबत नातलग, हातात आईने पाठवलेला आहेर. आत चहा ठेवला जातो.

या चहापाशी थांबा. किती दिवसांनी माहेर दारात आलंय! तिने दार का उघडलं, असं म्हणू नका. भावाला घरात घेणं हा बहिणीचा गुन्हा नव्हे.

शेजारणीबरोबर गेलेलं त्यांचं मूल परत येतं. पडद्यावरचा आवाज नाहीसा झालेला असतो. त्या दोघांवरचे वार आपण पाहत नाही. पाहतो ती रडत बाहेर निघालेल्या लेकराची पावलं, रक्ताने उमटलेली.

सावकाश श्वास सोडा.

दुसरा शेवट कैरोच्या रेल्वे स्टेशनातला. युसुफ शाहीन यांचा १९५८ चा चित्रपट ‘बाब अल-हदीद’. पेपर विकणारा किनावी, ही भूमिका शाहीन यांनीच केली. ज्या हनुमावर तो एकतर्फी जीव टाकतो, तिलाच सुऱ्याच्या धाकात धरून तो रुळांवर आहे. त्याला काम देणारा, माया लावणारा म्हातारा मदबूली जवळ जातो. आज तुझं लग्न, हे कपडे घाल, असं समजावतो. किनावी विश्वासाने हात पुढे करतो. अंगावर चढतो तो वेड्याला जखडायचा अंगरखा. मग त्याची किंकाळी.

दोन्हीकडे आपल्याच माणसाने आणलेली भेट, आपल्याच माणसावरचा विश्वास. मदबूलीने तो मोडला तो एक जीव वाचवण्यासाठी. भावाने मोडला तो ‘लोक काय म्हणतील’ यासाठी. मदबूलीचं दुःख समजून घेता येतं. भावाला क्षमा नाही.

आता स्वतःचे तळहात पाहा. स्वतःच्या मनाने लग्न केलेली बहीण, पुतणी, भाची तुमच्याही नात्यात असेल. तिचं नाव घरात घेतलं जातं का?

सज्ञान मुलामुलीने कुणाशी लग्न करावं, हा त्यांचा हक्क आहे. घराण्याची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केलं. कायदा तिच्या बाजूने आहे. तुम्हीही व्हा.

उद्या तिला फोन करा. सुट्टीच्या दिवशी आईने दिलेली साडी घेऊन जा. तिने केलेला चहा पिऊन या.