चहा-पोह्यांचा वाढदिवस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुवारच्या सत्संगानंतर भैरवगढच्या एका ताईंनी विचारलं, "येत्या महिन्यात मुलगी दहा वर्षांची होतेय. मागच्या वर्षी हॉल घेतला, मोठा केक आणला, त्याचे हप्ते दिवाळीपर्यंत फेडत होतो. यंदा घरीच मैत्रिणींना चहा-पोह्यांना बोलवावं म्हणतेय. पण लोक काय म्हणतील? आणि पोर हिरमुसली तर?"

प्रश्न एकीने विचारला, पण तो घरोघरचा आहे. म्हणून उत्तर सगळ्यांसाठी.

ताई, आपण राहतो ते गाव तरी आठवा. मंगलनाथच्या रस्त्यावर अंकपातला सांदीपनी ऋषींचा आश्रम आहे. कृष्ण, बलराम आणि सुदामा इथलेच विद्यार्थी. पुढे एक मित्र द्वारकेचा राजा झाला आणि दुसऱ्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. आपल्या सगळ्यांना ती पाठ आहे, पण त्यातल्या दोन जागी जरा थांबूया.

पहिली जागा. सुदाम्याने नेलेले पोहे घरचेसुद्धा नव्हते. त्याच्या बायकोने चार मुठी शेजारून मागून आणले आणि जुन्या फडक्यात बांधून दिले.

दुसरी जागा. द्वारकेत सुदाम्याचा कोणी अपमान केला का? मुळीच नाही. कृष्णाने मिठी मारली, पाय धुतले, आपल्या पलंगावर बसवलं. तरी सुदाम्याने पुरचुंडी लपवलीच! वैभव बघूनच त्याचा हात पुढे येईना. मग कृष्णाने काय केलं बघा. आधी शाळेच्या गोष्टी काढल्या. आपण लाकडं आणायला रानात गेलो होतो, वादळ झालं, रात्रभर एकमेकांचा हात धरून भटकलो, सकाळी गुरुजी शोधत आले, आठवतं ना? मित्राचं मन मोकळं केलं आणि मगच हक्काने पोहे ओढून घेतले.

मंडळी, यजमानाचा धर्म इथे आहे. पाहुण्याला खाऊ घालणं हा त्याचा अर्धा भाग. आपल्या दारात कोणाला काही लपवावंसं वाटू नये, हा उरलेला अर्धा.

ताईंनी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली. मागच्या वर्षी मुलीची सगळ्यात जवळची मैत्रीण आलीच नाही. वडील छपाईच्या कामावर रोजंदारीने जातात, भेटवस्तू घ्यायला पैसे नव्हते. आईने "पोरीला बरं नाही" असा निरोप पाठवला. हप्ते दिवाळीला फिटले, पण ती मैत्रीण अजून पूर्वीसारखी घरी येत नाही. आता सांगा, वाढदिवस महाग कशामुळे पडला?

भैरवगढच्या छपाईत कापडावर गरम मेण लावतात. मेण असेल तिथे रंग चढत नाही. आपल्या थाटामाटाचंही तसंच होतं. त्याचा थर बसला की खालपर्यंत प्रेम पोचत नाही.

मग साधेपणा म्हणजे कंजुषी का? नाही हं. कंजूस माणूस पाहुण्याच्या ताटात हात आखडतो. साधा माणूस दिखाव्यात हात आखडतो आणि ताट भरून वाढतो. भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलं. ते भक्तीने द्या म्हणाले. किंमत कुठे विचारली नाही.

आपल्या आया-आज्यांना हे कळत होतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवा. चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. आणि सगळीकडे काय? कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. वाडा असो की एक खोली, पदार्थ तेच. त्यामुळे कोणी कोणाच्या वरचढ नाही, आणि प्रत्येकीला उलट बोलावणं करता यायचं. वाढदिवसाचंही हेच माप ठेवा. आपल्या मुलांच्या मित्रांमध्ये ज्याची परिस्थिती सगळ्यात बेताची, त्यालाही असाच वाढदिवस आपल्या घरी करता आला पाहिजे.

आता करायचं कसं?

संध्याकाळी पाचची वेळ ठेवा, म्हणजे जेवणाचा घाट नको. बारा जणांना एक किलो पोहे पुरतात. वरून शेव, जिरावन, असतील तर डाळिंबाचे दाणे, म्हणजे आपले उज्जैनचे पोहे तयार. एक लिटर दूध आणि तेवढंच पाणी घातलं की मोठ्यांचा चहा होतो. मुलांना पन्हं किंवा सरबत. गोड म्हणून घरचा शिरा करा. मुलांना केक हवाच असेल तर छोटा आणा, त्यावरून घरात वाद नको. कप कमी पडले तर शेजारून आणा, सुदाम्याच्या घरीही पोहे शेजारूनच आले होते! बसायला भेरूगढ प्रिंटची चादर अंथरा. निरांजन लावून औक्षण करा. मुलीलाच आजीच्या हाती पहिला कप द्यायला सांगा. वाढणारी ती असली की हिरमुसायला वेळच मिळणार नाही.

आणि बोलावतानाच स्पष्ट सांगा, "भेट आणायची नाही. प्रत्येकाने आपल्या मैत्रीची एक आठवण सांगायची."

लोक काय म्हणतील? दोन दिवस बोलतील. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एखादा मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकेल, कारण पुढचा वाढदिवस त्याच्या घरी आहे.

*या आठवड्याचा संकल्प:* हा संदेश रात्री घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. मग मुलांना एकच विचारावं, "तुझ्या वाढदिवसाला यायला कोणाला संकोच वाटेल?" जे नाव येईल, त्या घरी पहिलं आमंत्रण द्यावं. फोनवर नको, स्वतः जाऊन.

सर्वांचं कल्याण होवो. जय गुरुदेव.