कमरेचे पिस्तूल
अमेरिकेच्या राज्यघटनेने १७९१ साली शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. आज अॅरिझोनातला प्रवासी कमरेस उघडे पिस्तूल लावून उपाहारगृहात शिरू शकतो. इलिनॉयमध्ये तोच गुन्हेगार ठरतो. या हक्कास हसणे आम्हांस शोभत नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने आम्हांस निःशस्त्र केले, ती बोच इतकी खोल होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने, नियमांच्या अधीन का होईना, हाच हक्क मूलभूत हक्कांत घातला. परंतु ती बोच राज्यकर्त्यांविषयी होती. उपाहारगृहातले पिस्तूल कोणास दिसते? शेजारी मुलास भरविणाऱ्या आईस! उघड्या शस्त्रात कपट नाही, असे त्याचे कैवारी म्हणतात. कबूल, लपविलेल्याचे भय आम्हांसही अधिक वाटते. पण शस्त्र दिसले तरी मन दिसत नाही, आणि बसावे की मुलास उचलून निघावे, हे त्या माउलीस तेवढ्यावरूनच ठरवावे लागते.