चाळीस पौंडांनंतर

कॅरिबियनमधल्या सेंट युस्टेशियस बेटावर ओलाउडा इक्वियानोने तीन पेन्सला काचेचा एक पेला घेतला आणि मॉन्टसेरातला येऊन सहा पेन्सला विकला. हा व्यापार करणारा माणूस स्वतःच रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याचा गुलाम होता. गोरी गिऱ्हाइकं कधी पैसे न देताच माल उचलून न्यायची, आणि काळ्या माणसाला दाद मागायची सोय नव्हती. तरी १७६६ साली त्याने सुटकेसाठी ठरलेले चाळीस पौंड मालकापुढे ठेवले. इतक्या लवकर पैसे जमतील असं वाटलं असतं तर शब्दच दिला नसता, असं किंग म्हणाला. तो ज्या जहाजावर काम करी, त्याच्या कप्तानाने भीड घातली तेव्हा कुठे मुक्तीचा कागद झाला.

मला त्यापुढची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १७७६ साली हाच मुक्त इक्वियानो डॉ. आयर्विंगबरोबर मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर मळा उभारायला गेला. त्या मळ्यासाठी जमैकात गुलाम निवडले ते त्यानेच. तेही, तो आत्मचरित्रात सांगतो, आपल्याच मुलखातले. त्यांना आपण मायेने वागवलं, असंही तो लिहितो. यावर पांघरूण घालू नये. स्वतःची सुटका हवी असणं वेगळं आणि गुलामगिरीच नको असणं वेगळं. पहिली ओढ जिवाबरोबरच येते. दुसरीपर्यंत माणसाला चालत जावं लागतं, आणि इक्वियानो गेला.

१९ मार्च १७८३ रोजी तो लंडनमध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या दारी पोचला. 'झाँग' या गुलामवाहू जहाजावरून सुमारे १३० आफ्रिकी माणसं जिवंत समुद्रात फेकली होती, आणि मालक त्यांचे विम्याचे पैसे मागत होते. कोर्टात हा खटला खुनाचा नव्हता, बुडालेल्या मालाचा होता. शार्पने खुनाचा खटला भरवण्यासाठी जिवाचं रान केलं. कुणालाही शिक्षा झाली नाही. पण ही बातमी त्याच्याकडे आणणारा, एकेकाळी स्वतः मालाच्या यादीत असलेला माणूस, आता अनोळखी मेलेल्यांसाठी दार ठोठावत होता. त्याची खरी मुक्ती मी इथून मोजते.

१७८९ साली ते आत्मचरित्र आलं. ते विकत तो इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड फिरला. तो आफ्रिकेत जन्मलाच नाही, असं छापून वर्तमानपत्रांनी त्याला खोटं पाडायचा प्रयत्न केला. विरोधक असे टपलेले असताना, हयातीत निघालेल्या नऊ आवृत्त्यांपैकी एकीतूनही त्याने जमैकातल्या त्या खरेदीची हकीकत गाळली नाही.