फ्रीज, वीजबिल आणि इस्राफ

मंद्रूपच्या उन्हाळ्यात फ्रीज ही चैन राहिलेली नाही. पारा चाळिशीपार गेला की सकाळचे दूध संध्याकाळ पाहत नाही. तरीही यंदा बकरी ईदनंतर एका गृहस्थांनी वीजबिल पुढे करून विचारले, "मौलाना, हासुद्धा इस्राफच का?"

पवित्र कुरआनात खाण्यापिण्याची मुभा आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आली आहे (७:३१). तेव्हा प्रश्न वस्तूचा नसून वापराचा होता. मी त्यांच्या घरी गेलो. फ्रीज भिंतीला चिकटलेला, दाराचे रबर सैल. दारात अडकवलेला कागद अलगद निसटला. अशाने कॉम्प्रेसरला उसंत कशी मिळावी? त्यात महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढचे प्रत्येक युनिट महाग. खरेदीच्या वेळी आपण किमतीसाठी तासभर घासाघीस करतो. लेबलवरची वर्षाची युनिटे मात्र वाचत नाही. तिथे २४० लिहिले असेल तर महिन्याला सुमारे २० युनिटे.

परंतु वरचा कप्पा उघडला आणि मी थांबलो. कुरबानीचे मांस गच्च भरलेले. मदीनेत एका वर्षी भुकेले लोक आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते तीन दिवसांपलीकडे ठेवू दिले नव्हते, पुढील वर्षी साठवणुकीस अनुमती दिली, सोबत दानाचीही आज्ञा केली. साठवण निषिद्ध नाही, हे मी स्पष्ट सांगितले. मग एवढेच विचारले, "यात शेजाऱ्यांचा वाटा किती?"

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलाने चार पिशव्या गल्लीत पोहोचवल्या. रबर बदलणारा मिस्त्री मात्र सोलापूरहून अजून यायचा आहे.